रिकामा समजून पुसलेला फोल्डर : विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ अपडेटचं प्रकरण

घरच्या कॉम्प्युटरवर अपडेटने घातलेल्या गोंधळांची यादी करायला बसलं तर ती संपायची नाही. प्रिंटर चालेनासा होतो, आवाज जातो, काम अर्ध्यावर असताना यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतं, टक्क्यांचा आकडा दाखवत पडदा एका जागी अडकून बसतो. डोकं फिरतं, संध्याकाळ वाया जाते. पण यातलं बहुतेक सगळं निस्तरता येतं. ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) पुन्हा टाकला, अपडेट काढून टाकलं, की गाडी रुळावर. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने सोडलेल्या अपडेटचा मामला मात्र निराळा होता. त्याने काही लोकांची कागदपत्रं आणि फोटो पुसले, आणि पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडेना.

इतकी वर्षं उलटल्यावर हेच प्रकरण पुन्हा उघडायचं कारण असं, की काय आणि कसं बिघडलं ते कंपनीने नंतर बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलं. एरवी अशा वेळी 'काही ग्राहकांना अडचण येत असल्याचं आमच्या लक्षात आलं आहे' एवढ्यावर बोळवण होते. इथे एकेक दुवा तपासता येतो. आणि तो तपासला की वाटतं, घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचा राग चुकीच्या जागी निघतो. 'यांना साधं अपडेट नीट करता येत नाही' असं आपण म्हणतो. कोट्यवधी यंत्रांवर चालणाऱ्या प्रणालीत चुका होणारच. त्या काढायला तर अपडेट असतं. खरा आक्षेप दोन गोष्टींवर घ्यायला हवा : सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सुविधा एकाच बटणामागे ठेवल्या होत्या, आणि धोक्याची सूचना देणाऱ्याचं म्हणणं किती जणांनी उचलून धरलं यावर त्याची किंमत ठरत होती.

चार दिवसांची हकीकत

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला. तेव्हापासून काही वर्षांनी एकदा नवी विंडोज काढण्याचा रिवाज मोडला आणि तीच विंडोज सतत बदलत ठेवायची असं ठरलं. २०१७ मध्ये त्याला वेळापत्रक आलं : वर्षाला दोन मोठी अपडेट्स, एक मार्चच्या सुमारास, दुसरं सप्टेंबरच्या. आपल्या या अपडेटचा क्रमांक १८०९, म्हणजे २०१८ सालचा नववा महिना. प्रत्यक्षात ते आलं ऑक्टोबरच्या २ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये कंपनीचे स्वतःचे नवे सरफेस कॉम्प्युटर दाखवण्याचा कार्यक्रम होता त्याच दिवशी.

अशी मोठी अपडेट्स थेट घरी येत नाहीत. आधी ती हौशी परीक्षकांना, म्हणजे विंडोज इनसायडर्सना मिळतात. २०१४ च्या शरदात सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर कच्चं काम, पुढच्यावर थोडं पक्कं, आणि शेवटची पायरी 'रिलीज प्रीव्ह्यू', जिथे जवळजवळ तयार झालेलं अपडेट सर्वसामान्य वापरात कसं वागतं ते पाहायचं. १८०९ च्या वेळी ही शेवटची पायरी गाळली गेली. इनसायडर्सच्या आधीच्या गटांतून ते थेट जनतेत आलं.

थेट म्हणजे सगळ्यांना नव्हे, आणि इथे प्रकरणातला पहिला विचित्र भाग येतो. आपोआप वाटप सुरू व्हायचं होतं ९ ऑक्टोबरपासून, त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. दर महिन्याचा दुसरा मंगळवार हा मायक्रोसॉफ्टचा दुरुस्त्या सोडायचा वार आहे. २००३ पासून तो पाळला जातो. २ ते ९ या आठवड्यात अपडेट फक्त त्यांना मिळत होतं ज्यांनी सेटिंगमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' हे बटण दाबलं, किंवा ज्यांनी इन्स्टॉलेशनची फाइल स्वतः उतरवून घेतली. कंपनीच्या बोलीत अशा माणसाला 'सीकर' म्हणतात.

आता हे बटण कोण दाबतं? 'अपडेट वेळच्या वेळी करा, नाहीतर व्हायरस येईल' हे ज्याने मनावर घेतलंय तो. महिन्यातून एकदा सगळं ठीक आहे ना, असं बघणारा. त्याची समजूत अशी की आपण तपासणी करतोय. बटणावर लिहिलेलंही तेच होतं. प्रत्यक्षात ते दाबणं म्हणजे अख्खी नवी विंडोज बसवून घ्यायला आणि तिचा पहिल्या आठवड्यातला परीक्षक व्हायला दिलेली संमती होती. नुसतं बघायला गेलेला माणूस रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहिला.

तक्रारी दोन-तीन दिवसांतच वर आल्या. डॉक्युमेंट्स रिकामं. पिक्चर्स रिकामं. ६ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने १८०९ चं वाटप सगळ्यांसाठी थांबवलं. ज्यांनी फाइल उतरवून ठेवली होती त्यांनाही ती बसवू नका असं सांगितलं. त्याच मुशीतून निघालेलं विंडोज सर्व्हर २०१९ सुद्धा मागे घेतलं गेलं. आपोआप वाटप सुरू व्हायच्या आधी हे घडलं, हे नशीबच.

दोन फोल्डर, एक नाव

९ ऑक्टोबरला विंडोजच्या अपडेट विभागाचे संचालक जॉन केबल यांनी कारण जाहीर केलं. ते समजायला विंडोजच्या पोटातली एक लहानशी व्यवस्था माहीत हवी.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, व्हिडिओज, स्क्रीनशॉट्स, कॅमेरा रोल हे विंडोजचे 'नोन फोल्डर', म्हणजे तिला नावाने माहीत असलेले फोल्डर. प्रोग्रामने 'डॉक्युमेंट्स कुठे आहे?' असं विचारलं की विंडोज पत्ता देते. एरवी तो पत्ता सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स'मध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरात असतो. पण हा पत्ता बदलता येतो, आणि अनेकांनी तो बदललेला असतो. कारण साधं आहे. कॉम्प्युटरमध्ये विंडोजपुरती लहानशी एसएसडी (वेगवान, फिरता भाग नसलेली डिस्क) आणि साठवणीला मोठी हार्ड डिस्क, अशी जोडणी त्या काळी सर्रास असे. सी ड्राइव्ह भरायला लागली की लोक डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स डी ड्राइव्हवर वळवत. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' नावाचा टॅब, नवा पत्ता, ओके.

ओके म्हटल्यावर एक चौकट येते. जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नव्या जागी हलवू का, असं ती विचारते, आणि हलवणंच बरं अशी शिफारसही करते. हो, नाही, रद्द. 'हो' म्हणणाऱ्यांचं पुढे काही बिघडलं नाही. पण 'नाही' म्हणायलाही चांगली कारणं असतात : हजारो फोटो एका दमात हलवताना काही मधेच अडकलं तर काय, ही धास्ती, किंवा जुनं जुन्या जागी राहू दे, नवं नव्या जागी जाऊ दे, असा हिशेब. अशा माणसाकडे डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर होतात. डी ड्राइव्हवरचा चालू, आणि सी ड्राइव्हवरचा जुना, भरलेला, पण विंडोजच्या लेखी आता कुणाचाच नसलेला. त्यात अधूनमधून भरही पडत राहते. काही जुने प्रोग्राम विंडोजला पत्ता न विचारता ठरलेल्या जागी फाइल ठेवून मोकळे होतात.

दुसरी तऱ्हा वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीची. फोल्डर डी ऐवजी वनड्राइव्हकडे वळवला आणि फायली हलवायला 'नाही' म्हटलं, तरी परिस्थिती तीच. तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत जास्त खटकते. वनड्राइव्हच्या एका जुन्या आवृत्तीत आपोआप साठवण्याची सोय होती. ती चालू केली की डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्सचा पत्ता वनड्राइव्हकडे वळायचा, पण आधीच्या फायली होत्या तिथेच राहायच्या. इथे माणसाने 'नाही' म्हटलेलंच नाही. आपल्या फायली सुरक्षित राहाव्यात म्हणून त्याने कंपनीचीच सोय कंपनीच्याच प्रोग्रामात चालू केली, आणि त्याच्या नकळत फायलींचे दोन वाटे झाले.

आता अपडेटची बाजू. एप्रिल २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर पत्ता वळवलेल्या काही लोकांना एक किरकोळ त्रास होऊ लागला होता : त्याच नावाचे जादा, रिकामे फोल्डर दिसायचे. त्यांनी तक्रार केली. मायक्रोसॉफ्टने ती ऐकली आणि १८०९ मध्ये असे रिकामे, दुबार फोल्डर काढून टाकणारा कोड घातला. हेतू चांगला. पण अपडेट रचण्याच्या क्रमातही त्याच वेळी एक बदल झाला होता. दोन्हींचा मिळून परिणाम असा, की रिकाम्यांबरोबर भरलेले जुने फोल्डरही आतल्या सगळ्या मालासकट गेले. उरला तो फक्त चालू पत्त्यावरचा फोल्डर.

थोडक्यात, अपडेटला कुणाच्या फायलींशी देणंघेणं नव्हतं. ते पसारा आवरत होतं. मालकाला न विचारता कपाट आवरणाऱ्या पाहुण्यासारखं. अपडेटविषयीच्या अनेक रागांचं मूळ या एका गृहीतकात आहे : जे विंडोजच्या नोंदीत नाही, ते कुणाला नकोच असणार. एखादा फोल्डर पुसण्याआधी तो खरंच रिकामा आहे का, हे पाहणं संगणकाच्या दृष्टीने अगदी हलकं काम आहे. आणि रिकामा नसेल तर पुसण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवला असता तर हे प्रकरण 'काही लोकांना एक जादा फोल्डर दिसतो' इतकंच राहिलं असतं. म्हणजे मूळ तक्रार होती तेवढंच.

इशारा पोचला, पण वजन मिळालं नाही

इनसायडर्सनी हे आधी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. फायली गेल्याच्या नोंदी अपडेट जनतेत येण्याच्या कितीतरी आधी 'फीडबॅक हब'वर पडलेल्या होत्या. फीडबॅक हब म्हणजे विंडोजमधलीच तक्रारपेटी. तिथे तुमची तक्रार दुसऱ्यालाही जाणवत असेल तर तो तिला मत देतो. मतं वाढली की तक्रार वर सरकते. रंग आवडला नाही, मेन्यू हळू उघडतो, चिन्ह बदला, अशा गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम. ज्या गोष्टी सगळ्यांना दिसतात त्यांना मतं मिळतात.

फायली पुसल्या जाणं सगळ्यांना दिसत नाही. पत्ता वळवलेला, त्यातही फायली न हलवलेला, त्यातही जुन्या जागेकडे लक्ष असलेला माणूस मुळात थोडा. त्यातही तो इनसायडर असला पाहिजे. आणि इनसायडर मंडळी बहुधा परीक्षणासाठी वेगळं यंत्र ठेवतात, ज्यात दहा वर्षांचे फोटो नसतात. म्हणजे मतपेटीची रचनाच अशी की सगळ्यांत गंभीर तक्रारीला सगळ्यांत कमी मतं मिळावीत. बिचाऱ्या तक्रारी तळाशी राहिल्या.

हा दोष मायक्रोसॉफ्टने तिथल्या तिथे मान्य केला, हे नोंदवलंच पाहिजे. ९ ऑक्टोबरलाच फीडबॅक हबमध्ये तक्रार करताना तिचा परिणाम किती गंभीर आहे हे सांगायची सोय टाकली गेली. इतकी साधी सोय त्याआधी चार वर्षं नव्हती.

नोव्हेंबरमध्ये विंडोजचे उपाध्यक्ष मायकल फॉर्टिन यांनी गुणवत्तेवर एक लांबलचक निवेदन लिहिलं. विंडोज १० महिन्याला ७० कोटींहून जास्त यंत्रांवर चालते, हार्डवेअर आणि ड्रायव्हर यांच्या १ कोटी ६० लाख वेगवेगळ्या जोड्या आहेत, साडेतीन कोटींवर प्रोग्राम आहेत, असे आकडे त्यात होते. पायाभूत चाचण्यांची जबाबदारी आता कोड लिहिणाऱ्या टीमकडेच दिली आहे, हेही त्यात होतं. आकडे खरेच आहेत आणि ते वाचून कुणालाही कंपनीची दया येईल. पण या प्रकरणात ते लागू पडत नाहीत. इथे कुठला दुर्मिळ साउंड कार्डचा ड्रायव्हर आडवा आला नव्हता. फोल्डरचा पत्ता बदलणं ही विंडोजची स्वतःची, तिच्याच प्रॉपर्टीजमधली, तिनेच चौकट दाखवून पार पाडलेली सोय होती. हार्डवेअरच्या कोट्यवधी जोड्यांपैकी एकही न तपासता, एका यंत्रावर लोकेशनचा टॅब उघडून 'नाही' म्हटलं असतं तर ही चूक सापडली असती.

शेकडा ०.०१

फायली गेल्याच्या तक्रारी किती, याचं कंपनीचं उत्तर होतं : १८०९ बसवलेल्यांपैकी एका टक्क्याचा शंभरावा भाग. म्हणजे १० हजारांत १.

हा आकडा ऐकून दोन्ही बाजूंनी आरडाओरड झाली. 'एवढंसं तर आहे' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट सोडली : मोजल्या गेल्या त्या तक्रारी. फायली गेलेल्या माणसांची मोजणी कुणी केली नव्हती. जुन्या जागेवरचा फोल्डर रोज कोण उघडून बघतो? पहिल्या चार दिवसांत ज्यांना कळलं आणि ज्यांनी कळवलं तेवढेच त्यात आले. आणि तरीही हा दर ७० कोटींना लावून पाहिला तर ७० हजार घरं होतात. उलट, 'विंडोज सगळ्यांच्या फायली खाते' म्हणणारेही तितकेच चुकले. ज्याने पत्ता कधी बदललाच नव्हता, त्याच्या फायलींना या चुकीपासून धोका नव्हता.

माझं मत विचाराल तर टक्केवारी हे इथलं मापच नव्हे. आवाज गेलेल्यांचे १० हजारांत १ आणि फायली गेलेल्यांचे १० हजारांत १, या दोन ओळी एकाच तक्त्यात शोभत नाहीत. पहिला दर उत्तम म्हणावा, दुसरा आला की त्याच क्षणी वाटप थांबवावं. इथे ते थांबलं, पण तक्रारी गाजल्यावर.

गेलेलं परत आलं का

ज्यांच्या फायली गेल्या त्यांना कंपनीने दोन गोष्टी सांगितल्या : यंत्र कमीत कमी वापरा आणि मदतकेंद्राला फोन करा. मदत विनामूल्य होती. सल्लाही योग्य होता, पण त्यातली मेख अशी की तो मिळेपर्यंत बराच उशीर झालेला असे.

फाइल पुसली म्हणजे तिची नोंद जाते. आतला मजकूर डिस्कवर तसाच असतो, दुसरं काही त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर म्हणून फायली परत काढता येण्याची बरी शक्यता असते. पण मोठं अपडेट म्हणजे सी ड्राइव्हवर कित्येक गिगाबाइट लिहिणं, आणि पुसलेले फोल्डर त्याच सी ड्राइव्हवरचे. वर ती एसएसडी असेल तर आणखी अवघड. एसएसडीवरची फाइल पुसल्यावर विंडोज 'ट्रिम' नावाची आज्ञा पाठवते : या जागा आता लागणार नाहीत, सवडीने साफ कर. एसएसडी ते इमानेइतबारे करते. मग तिथून काही काढणं जवळपास अशक्य. आणि पत्ता डी ड्राइव्हवर वळवणारे बहुतेक लोक लहान एसएसडीवालेच, हा आणखी एक दुर्दैवी योग.

'आधीच्या आवृत्तीवर परत जा' ही सोय अनेकांनी वापरून पाहिली असणार. मोठ्या अपडेटनंतर विंडोज १० मध्ये ती १० दिवस मिळते. पण ती सोय विंडोजला मागे नेते. तुमच्या कागदपत्रांचा तो बॅकअप नाही. विंडोज जुनी झाली, फोल्डर रिकामाच.

ज्यांनी विंडोजची 'फाइल हिस्टरी' लावली होती ते तरी वाचले का? अर्धेमुर्धे. फाइल हिस्टरी लायब्ररीतल्या, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा विंडोजच्या ठरलेल्या यादीतल्या, फोल्डरांच्या नकला घेते. लायब्ररी चालू पत्ता पाहते. पत्ता वळवला की जुनी जागा त्या यादीतून बाहेर पडते. आधी घेतलेल्या नकला राहतात, पण त्यानंतर जुन्या जागी जे साठलं त्याची नक्कल कुणीच घेत नव्हतं. वनड्राइव्हही फक्त आपल्या फोल्डरातलंच ढगात चढवतं. म्हणजे तो जुना फोल्डर विंडोजच्या नोंदीत नाही, फाइल हिस्टरीत नाही, वनड्राइव्हवर नाही. आणि अपडेटने नेमका तोच उचलला. अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवणारे थोडे लोक तेवढे पूर्ण सुटले.

नंतरची आवराआवर

दुरुस्त केलेलं अपडेट आधी इनसायडर्सना दिलं गेलं आणि १३ नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा जनतेसाठी आलं. मधल्या काळात आणखी एक चूक उघडी पडली. झिप फाइलमधून काही बाहेर काढताना त्याच नावाची फाइल तिथे आधीच असली तर 'बदलू का?' असं विचारलं जायचं, ते विचारणंच बंद झालं होतं. योगायोग असेल, पण दोन्ही चुकांची जात एक : पुसण्याआधी विचारायचं राहिलं. पुन्हा आल्यावरही सगळं सुरळीत नव्हतं. नेटवर्कवरच्या ड्राइव्ह पुन्हा जोडल्या जाईनात, ॲपलची इंटरनेटवरची साठवण, आयक्लाउड, असलेल्या यंत्रांना अपडेट देणं काही काळ रोखून धरावं लागलं. या वेळी मात्र वाटप मुद्दाम सावकाश केलं गेलं.

खरा बदल आला पुढच्या मोठ्या अपडेटबरोबर, २१ मे २०१९ ला. त्याच्या आधी एप्रिलमध्ये फॉर्टिन यांनी काय बदलणार ते सांगितलं होतं. ते अपडेट रिलीज प्रीव्ह्यूच्या पायरीवर जास्त काळ ठेवलं गेलं. 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं तर महिन्याची सुरक्षा दुरुस्ती तेवढी येणार, आणि मोठं अपडेट खाली वेगळ्या ओळीत, 'आता उतरवून बसवा' अशा स्वतंत्र बटणामागे. आणि घरगुती, म्हणजे होम आवृत्तीवाल्यांनाही अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवून ठेवायची मुभा, एका वेळी ७ दिवस. तोवर लांबणीवर टाकण्याची सोय प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांनाच होती. ज्याच्याकडे आयटी विभाग आहे त्याला थांबायचा हक्क, आणि ज्याच्याकडे कुणीच नाही तो घरगुती माणूस पहिल्या फळीत. हा उलटा न्याय जवळजवळ चार वर्षं चालला.

बटणं वेगळी करणं दिसायला क्षुल्लक आहे. मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं फळ वाटतं. कारण १८०९ सारख्या घटनेनंतर सामान्य माणूस काय करतो? अपडेट बंद करतो. सर्व्हिस थांबवतो, इंटरनेटवर सापडलेली कसलीतरी फाइल चालवतो, आणि वर्षभर सुखाने राहतो. सुखाने, कारण काय घडत नाहीये ते दिसत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि लोकांच्या फायली कुलूपबंद करत सुटला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळपास दोन महिने हाताशी होते. म्हणजे फायली अपडेट केल्यानेही गेल्या आणि अपडेट न केल्यानेही गेल्या. फक्त पहिल्या वेळी गेल्या त्या नव्या सुविधांच्या अपडेटने, आणि दुसऱ्या वेळी सुरक्षेची दुरुस्ती न घेतल्याने. बटण एकच असेपर्यंत घरच्या माणसाला हा फरक कळायला वावच नव्हता. दोन्हींचं नाव अपडेट, दोन्हींची चौकट तीच, दोन्हींची घाई तीच.

आज घरी काय करावं

१८०९ चा घरगुती आवृत्त्यांसाठीचा पाठिंबा १० नोव्हेंबर २०२० ला संपला, खुद्द विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. ती विशिष्ट चूक तर कधीच गेली. पण दुहेरी फोल्डरची परिस्थिती गेलेली नाही, किंबहुना वाढली आहे. विंडोज ११ मध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरात वळतो, आणि अनेकांना आपण तो कधी चालू केला हे आठवतही नाही.

महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या घेत राहाव्यात. फार तर आठवडाभर थांबावं. एखादी बिघडलेली असेल तर बोंब तेवढ्यात होते. मोठं वार्षिक अपडेट मात्र काही आठवडे, हवं तर दोन महिने, खुशाल बाजूला ठेवावं. त्यात घाईचं सहसा काही नसतं. तुमच्या आवृत्तीचा पाठिंबा संपत आला असेल तरच अपवाद. ते घ्यायच्या आदल्या दिवशी सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि अपडेट चालू असताना ती डिस्क काढून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यावरचं काहीही कुठलंच अपडेट पुसू शकत नाही. नक्कल घेताना डाव्या बाजूच्या यादीतला 'डॉक्युमेंट्स' उचलू नका, तो फक्त चालू पत्ता दाखवतो. सी ड्राइव्ह उघडा, युजर्समध्ये जा, आपल्या नावाचा फोल्डर अख्खा उचला.

आणि तो उचलताना जरा आत डोकावा. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून लोकेशनच्या टॅबमध्ये पत्ता पाहा. तो डी ड्राइव्हचा किंवा वनड्राइव्हचा असेल आणि तरीही सी ड्राइव्हवर तुमच्या नावाखाली डॉक्युमेंट्स नावाचा दुसरा, भरलेला फोल्डर सापडला, तर २०१८ मध्ये पुसला गेला तो याच जातीचा. आतल्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मग चालू फोल्डरात हलवा, त्या तिथे उघडतात ना ते पाहा. मोठ्या अपडेटचं बटण त्यानंतर दाबा.